छकड्याची दमणी

पुस्तकावर, नाटकावर, झालंच तर लग्नातल्या मठ्ठ्यावर टीका करणारी माणसं आपल्याकडे रगड आहेत. मोटारीवर मात्र कोणी टीका लिहीत नाही. ‘किती देते?’ एवढा एक प्रश्न विचारला की आमच्या जळगावात मोटारीचं रसग्रहण संपतं. ज्या गावात १९०७ साली कविसंमेलन भरलं आणि त्र्यंबक ठोमरेचा बालकवी झाला, त्या गावाला हे शोभत नाही. तेव्हा ही उणीव मीच भरून काढायचं ठरवलं आहे. जी मोटार मी परीक्षणाला घेतली आहे ती मी डोळ्यांनी पाहिलेली नाही आणि तिच्यात बसलेलोही नाही. पण न वाचता परीक्षण लिहिण्याची परंपरा आपल्या भाषेत इतकी जुनी आणि मानाची आहे, की त्याबद्दल वेगळा खुलासा करायचं कारण नाही. शिवाय माझ्यापाशी तिचे एकशे चाळीस फोटो आहेत.

फोटो भाच्याने पाठवलेत. भाचा मूळचा एरंडोलचा, आता नोकरीनिमित्त इंग्लंडात कॉव्हेंट्रीला असतो. घरामागच्या गॅरेजमध्ये त्याने चार वर्षं खपून जॅग्वारच्या ‘डी-टाइप’ या जुन्या शर्यतीच्या गाडीची नक्कल उभी केली. अंग फायबरचं, खाली लोखंडी नळ्यांचा सांगाडा, इंजिन मात्र जुन्या जॅग्वारचं अस्सल. इथवर कोणाची हरकत नव्हती. मुलाला नाद असावा, निदान तो घरात तरी असतो, असं अक्का म्हणायची. आता त्याने त्या शर्यतीच्या गाडीची रस्त्यावरची आवृत्ती करायला घेतली आहे. म्हणजे उभी केलेली नक्कल कापून तिची दुसरी नक्कल करायची. इथे मात्र आमच्या घरात दोन तट पडले.

दुसरा तट म्हणजे धुळ्याचे माझे साडू, नाना. नाना राजवाडे संशोधन मंडळाचे जुने वारकरी. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले आणि त्यांची दप्तरं सांभाळायला पुढच्याच वर्षी तिथे मंडळ उभं राहिलं, हे नाना लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगतात. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हा प्रस्तावनेत बखरींची अशी काही झाडाझडती घेतली, की तेव्हापासून धुळ्याच्या माणसाला अस्सल कागद दाखवल्याखेरीज तो दूधवाल्याचं बिलसुद्धा मानत नाही. फोटो पाहून नाना म्हणाले, ‘‘अहो, आधी बनावट कागद करायचा, आणि मग त्याच्यावर खाडाखोड! एक खोटं पुरलं नाही का तुमच्या भाच्याला?’’

नानांचा मुद्दा फुंकून टाकण्यासारखा नाही. त्याला उत्तर द्यायचं तर मूळ गाडीची कुळकथा सांगावी लागते.

डी-टाइप ही कॉव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेनवरच्या कारखान्यातली. तिचा आकार माल्कम सेयर नावाच्या माणसाने काढला. तो आधी विमानाच्या कारखान्यात होता, आणि ते गाडीकडे पाहिल्यावर कोणीही सांगेल. मधलं धड विमानासारखं पत्र्याचं, आणि चालवणाऱ्याच्या डोक्यामागे माशाच्या परासारखा उभा पंख, भरधाव असताना गाडी सरळ राहावी म्हणून. फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत तिने १९५५, ५६ आणि ५७ अशी लागोपाठ तीन वर्षं मारली. त्यातला १९५५ चा विजय साजरा करण्यासारखा नव्हता. त्या दिवशी दुसरी एक मोटार प्रेक्षकांत घुसून ऐंशीवर माणसं मेली होती.

या गाडीत बसायला दोघांची जागा होती, आणि नव्हतीही. शर्यतीच्या नियमाप्रमाणे दुसरं आसन हवं, म्हणून ते होतं. पण वाऱ्याला अडथळा नको म्हणून त्याच्यावर पत्र्याचं झाकण ठोकलेलं. सरकारी कचेरीत ‘आगंतुकांसाठी’ असं लिहिलेल्या खुर्चीवर फायली रचलेल्या असतात, तशातलाच हा प्रकार. त्या बाजूला दारही नव्हतं.

पुढे १९५६ च्या अखेरीस कारखान्याने शर्यतीतून अंग काढून घेतलं आणि काही डी-टाइप न खपता पडून राहिल्या. न खपलेल्या मालाचं काय करावं हे केळीच्या मुलखातल्या माणसाला शिकवायला नको. आपण वेफर्स तळतो. त्यांनी त्या गाड्या उघडल्या, दोन आसनांमधली भिंत काढली, डाव्या अंगाला दार कापलं, डोक्यामागचा पंख उतरवला, रुंद काच बसवली, कापडी टप दिला, मागे सामानाला कॅरिअर लावलं, पुढेमागे बारीक बंपर चढवले, आणि नाव ठेवलं ‘एक्सकेएसएस’. पंचवीस करायच्या होत्या. १२ फेब्रुवारी १९५७ ला कारखान्याला आग लागली आणि सोळांवरच काम थांबलं. बहुतेक गेल्या अमेरिकेत. त्यांतली एक स्टीव्ह मॅक्वीन या नटाने घेतली. ती आता लॉस एंजलिसच्या संग्रहालयात आहे.

आता नानांना माझं उत्तर. एक्सकेएसएस म्हणून कोऱ्या कागदावरून जन्माला आलेली गाडी त्या सोळांत एकही नाही. सोळाच्या सोळा शर्यतीच्या गाडीला कापूनच झालेल्या. म्हणजे दुरुस्ती हाच त्या गाडीचा अस्सल कागद! इंग्लंडात अशा नकला करून देणारे कारखाने आहेत. थेट रस्त्यावरच्या गाडीची तयार नक्कलही तिथे मिळते. ती गाडी दिसते तशीच, यात शंका नाही. पण ते तयार भरीत डब्यात आणण्यासारखं झालं. भाच्याने आधी वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजलं, मग सोललं, मग ठेचलं. कारखान्याने जे केलं तेच त्याच क्रमाने केलं. गाडी खोटी असेल, कृती खरी आहे.

‘‘आणि नाना,’’ मी म्हटलं, ‘‘२०१६ साली खुद्द जॅग्वार कंपनीने आगीत राहून गेलेल्या नऊ गाड्या पुन्हा बांधायला घेतल्या. किंमत दहा लाख पौंडांच्या वर. याला तुमचे राजवाडे काय म्हणाले असते?’’

‘‘साठ वर्षांनी तोच कारकून परत आला आणि त्याच हस्ताक्षरात जुन्या तारखेचा कागद लिहू लागला, तर तो कागद बनावटच,’’ नाना म्हणाले. ‘‘आणि जॅग्वार तर २००८ पासून टाटांची. म्हणजे कारकूनही तोच नाही!’’

या मुद्द्यावर नानांना मी मार्क देतो. माझ्या मते भाच्याची गाडी कंपनीच्या त्या नऊ गाड्यांपेक्षा जास्त प्रामाणिक आहे, कारण ती आपण कोण हे लपवत नाही. एक ग्रॅमच्या पाटल्यांना कोणी हसत नाही. त्या मोडायला सराफाकडे नेल्या की मग हसतात.

इंग्लंडचं सरकारही याबाबतीत मोठं समजूतदार. घरी जुळवलेल्या गाडीची ते सरकारी तपासणी करतात, आणि जुन्यानव्या भागांमुळे गाडीचं वय नक्की ठरत नसेल तर तिला ‘क्यू’ अक्षराचा नंबर देतात. आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना पोराचं वय ठरत नसेल तर मास्तर १ जून लिहून मोकळे व्हायचे. ‘क्यू’ म्हणजे विलायती १ जून.

आपल्याकडे मात्र ही गाडी आली तर ना ‘एमएच १९’ ना ‘एमएच १८’, अशी मध्येच पारोळ्याजवळ उभी राहील. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करू नका, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा बजावलं. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा नंबर मिळतो, वीस हजार रुपये फी भरून. पण तिथेही अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे. म्हणजे आपला कायदा नानांच्या बाजूचा आहे. तरी आपल्याकडेही हौस झालीच. अलिबागच्या चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या वळणाची उघडी रोडस्टर काढली आणि तिच्यात ॲम्बॅसडरमधलं १.८ लिटरचं इसुझू इंजिन बसवलं. वऱ्हाडातल्या मामाला ब्लेझर शिवावा तसा तो थाट होता, पण मला मनापासून आवडला.

राहता राहिली प्रत्यक्ष कलाकृती. काच उत्तम. शर्यतीच्या गाडीला काच चालवणाऱ्यापुरती. ही दोघांना वारा वाटून देते. कॅरिअर मला फार पसंत पडलं. या गाडीच्या शेपटीत पेट्रोलची टाकी आणि स्टेपनी, तेव्हा डिक्की नावाचा प्रकार नाही. त्या झुळझुळीत पाठीवर क्रोमच्या नळ्यांचं कॅरिअर म्हणजे भरजरी शेल्यावर पिशवी अडकवल्यासारखं दिसतं. पण पिशवी असल्याशिवाय माणूस बाजारात जातोय हे कळणार कसं? सायलेन्सरच्या नळ्या डाव्या अंगाने, नेमक्या त्या नव्या दाराखालून जातात. त्यांच्यावर जाळीचं झाकण आहे. लुगडं सावरून उतरणाऱ्या बाईचा विचार ते करताना कोणी केला असेल असं वाटत नाही. भाच्याला मी कळवलं आहे की झाकण दुहेरी कर.

गाडीचा जीव त्या डाव्या दारात आहे. आमच्याकडे शर्यतीचा छकडा असतो तो पाहा. दोन चाकं, दांड्या, आणि एका माणसाला उकिडवं बसता येईल एवढी जागा. साट्या नाहीत, छत नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये त्यावर कायमचं शिक्कामोर्तब झालं. तेवढी वर्षं कितीतरी छकडे गोठ्यात उभे होते. दुसरी असते दमणी. तीही हलकी, तिलाही चांगले बैल लागतात, पण वर छत, खाली गादी. लेकीला माहेरी आणायची ती दमणीतून. म्हातारीला मुक्ताईच्या यात्रेला न्यायची तीही दमणीतूनच. छकड्याला साट्या आणि छत दिलं की दमणी होत नाही, सुतार हसेल. पण डी-टाइपला दार दिलं की जे होतं त्याला दमणीखेरीज दुसरा शब्द मला सुचत नाही.

दोन वर्षांपूर्वी भाच्याने त्या गाडीचा पहिला फोटो पाठवला तेव्हा अक्काने तो चष्मा लावून बराच वेळ पाहिला. आमचे भाऊजी गेले त्याला तेव्हा वर्ष व्हायचं होतं. ती एवढंच म्हणाली, ‘‘मी कथा बसू रे?’’ मी भाच्याला तसं कळवलं नव्हतं. ती फोनवर बोलली असावी, किंवा त्यालाच फोटो पाहून कळलं असावं. चार महिन्यांनी पहिली बातमी आली, की दार कापतोय. लोखंडी नळी आडवी येते, ती खाली घ्यावी लागेल, सांगाडा कमकुवत होईल म्हणून दुसरीकडे जोड द्यावा लागेल. सगळं मिळून वर्षभराचं काम.

नानांना मी ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, ‘‘हे आधी सांगायचं होतं. संदर्भ कळल्याशिवाय कागद वाचू नये.’’ मत मात्र त्यांनी बदललं नाही.

आता दोष. भाच्याला दार हवंय, कॅरिअर हवंय, टप हवाय, आणि तो डोक्यामागचा पंखही ठेवायचाय! ‘‘मामा, तोच तर देखणा आहे,’’ असं त्याचं म्हणणं. शिवाय बाजूला पांढऱ्या गोलातला शर्यतीचा आकडाही तसाच. हे मला अजिबात मान्य नाही. पंख राहिला तर टप मागे नीट पडणार नाही, आणि इंग्लंडच्या पावसात टपाशिवाय अक्काला बसवणार कुठे? कारखान्याने १९५७ साली तो उतरवला तो काही हौसेने नाही. निम्मा पोवाडा आणि निम्मी ओवी अशी कविता कोणी छापून आणली तर आपण काय म्हणू? सत्तरीच्या बाईला शेजारी बसवून भाजी आणायला निघालेल्या गाडीच्या अंगावर शर्यतीचा आकडा म्हणजे पत्रिकेवर अजून ‘कुमार’ लावणारा आजोबा. आकडा पुसता येतो. पंख एकदा कापला की परत जोडता येत नाही, म्हणून तो घुटमळतोय, हे मी समजू शकतो. पण दार कापतानाही तसंच होतं, आणि ते त्याने कापलं.

हे सगळं मी त्याला लिहून कळवलं. उत्तरात पंखाबद्दल चकार शब्द नाही. दाराच्या बिजागऱ्या आल्या, कुलूप अजून यायचंय, आणि अक्काला गुडघ्यामुळे पाय किती वर उचलता येतो ते टेपने मोजून इंचात पाठवा, एवढंच लिहिलंय. अक्का दर वेळी वेगळा आकडा देतेय. उद्या सकाळी पाट आणि टेप घेऊन एरंडोलला जाणार आहे.