बी-१२ कमी आलं, म्हणजे शाकाहारच का?

डोंबिवली-कल्याणात बी-१२ कमी येणं ही आता बातमी राहिलेली नाही. रिपोर्ट दाखवला की पहिला प्रश्न, "व्हेज का?" हो म्हटलं की इंजेक्शनं सुरू. या सवयीला संशोधनाचा आधार आहे, आणि आज मला त्या आधाराशीच थोडं भांडायचंय.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाचा २००६ सालचा पेपर घ्या. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय असे ४४१ मध्यमवयीन पुरुष. ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. वारंवार मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहाऱ्यांचा धोका ४.४ पट. काम चांगलं आहे. पण हा आकडा समूहाचा आहे. समोर बसलेल्या एका बाईचं बी-१२ का कमी आहे, हे तो सांगत नाही. आणि आपण तो नेमका तसाच वापरतो.

एक तुलनेने दुर्मिळ आजार यात हमखास झाकला जातो: ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिस. शरीराची प्रतिकारशक्ती जठराच्या वरच्या आणि मधल्या भागातल्या अस्तरावर, तिथल्या पराएटल पेशींवर, उलटते. या पेशी आम्ल बनवतात आणि 'इंट्रिन्सिक फॅक्टर' नावाचं प्रथिनही. ते नसेल तर ताटात मटण असो की दूध, बी-१२ आतड्यातून नीट उचललंच जात नाही. आम्ल घटलं की लोहही कमी शोषलं जातं. पुढे पर्निशियस ॲनिमिया, आणि काहींच्या जठरात गाठी. हा आजार बायकांत जास्त दिसतो. पेपरमध्ये फक्त पुरुष! लेखकांचा रोख हृदयविकार आणि मधुमेहाकडे होता, त्यामुळे त्यांना दोष नाही. पण त्या आकड्यावरून घरातल्या बायकांचा निकाल लावणं बरोबर नाही.

खरा घोळ 'कुटुंबात चालतो' या शब्दांत आहे. आजार रक्ताच्या नात्यांत चालतो; सोबत थायरॉइड, टाइप-१ मधुमेह, कोड हेही दिसतात. पण आपल्याकडे कुटुंब म्हणजे एकच स्वयंपाकघर. आई आणि मुलगी दोघींचं बी-१२ कमी आलं की सगळे म्हणणार, जेवण एकच ना! बरं, मग सुनेचं किती आहे? ती त्याच कढईतलं खाते, पण रक्ताचं नातं नाही. आणि लग्न होऊन ठाण्याला गेलेल्या, तिथे मासे खाणाऱ्या बहिणीचं किती? ही तुलना अगदी साधी आहे. याज्ञिकांच्याच गटाने २००९ साली, बी-१२ दिल्यावर रक्तातलं होलोट्रान्सकोबालामिन किती वाढतं यावरून शोषण मोजता येतं, हे दाखवलं. म्हणजे हत्यार तयार आहे. मला ते सून आणि बहीण अशा जोड्यांवर चाललेलं बघायचंय.

"इंजेक्शनने बरं वाटलं ना, मग झालं" हेही चालत नाही. इंजेक्शन जठराला वळसा घालून जातं, त्यामुळे कारण कुठलंही असो, रक्त सुधारतं. मोठ्या डोसच्या गोळीतलं साधारण एक टक्का बी-१२ इंट्रिन्सिक फॅक्टरशिवायही आत शिरतं. उपचार थांबवले की दोन्ही प्रकारांत ते पुन्हा घसरतं. थोडक्यात, गुण येण्यावरून निदान होत नाही.

रक्ताचा साधा रिपोर्टही फसवतो. बी-१२च्या कमतरतेत लाल पेशी मोठ्या होतात, लोहाच्या कमतरतेत लहान. दोन्ही एकत्र असले की सरासरी आकार नॉर्मल छापून येतो. थॅलेसेमिया मायनरमध्येही पेशी लहानच असतात, आणि कल्याणशेजारच्या उल्हासनगरात, सिंधी समाजात त्याचं प्रमाण मोठं आहे. तिथे 'एमसीव्ही नॉर्मल' या दोन शब्दांवर किती विसंबायचं?

इंट्रिन्सिक फॅक्टरविरोधी अँटिबॉडी सापडली तर निदान बऱ्यापैकी पक्कं. नाही सापडली तरी आजार नाही असं म्हणता येत नाही. मग एंडोस्कोपी. त्यातही जठराच्या फक्त खालच्या टोकाचा, अँट्रमचा, तुकडा घेतला तर हा आजार निसटतो, कारण तो भाग यात बहुधा शाबूत राहतो. वरचा आणि खालचा, दोन्ही तुकडे वेगळ्या बाटल्यांत जायला हवेत.