वेबअसेंब्लीचा प्रत्यक्ष वापर : दोन सर्वेक्षणांची चिकित्सा

संकेतस्थळाच्या पानासोबत वाचकाच्या संगणकावर कोणती आज्ञावली उतरते आणि ती काय करते, हा प्रश्न केवळ जावास्क्रिप्ट असताना निदान तत्त्वतः सोपा होता. आज्ञावली मजकूररूपात येई. ज्याला जिज्ञासा असेल त्याने ती उघडून वाचावी. वेबअसेंब्लीमुळे ही स्थिती पालटली. २०१५ मध्ये घोषित झालेल्या, २०१७ च्या अखेरीस चारही प्रमुख ब्राउझरांत उपलब्ध झालेल्या आणि डिसेंबर २०१९ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची अधिकृत शिफारस ठरलेल्या या तंत्रात सी, सी प्लस प्लस किंवा रस्ट या भाषांतील आज्ञावली आधीच संकलित होऊन द्विमान रूपात ब्राउझरकडे येते. तिचे मजकुरात रूपांतर करता येते, परंतु मूळ रचनेच्या खुणा त्यात क्वचितच शिल्लक राहतात. म्हणूनच तिच्या प्रत्यक्ष वापराचे सर्वेक्षण ही केवळ कुतूहलाची बाब राहत नाही.

यापूर्वीचे प्रयत्न सर्वश्रुत आहेत. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हएक्सने सुरक्षिततेची भिस्त प्रामुख्याने निर्मात्याच्या सहीवर ठेवली. गूगलच्या नेटिव्ह क्लायंटने यंत्रसंकेताला कुंपण घातले, पण इतर प्रमुख ब्राउझरांनी ते स्वीकारले नाही. वेबअसेंब्लीला सर्वमान्यता मिळाली, हे तिचे निर्विवाद यश होय.

या यशाची पहिली मोठी मोजदाद मारिउस मुश व सहकारी यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. अलेक्साच्या यादीतील दहा लाख संकेतस्थळे तपासली असता सुमारे दर ६०० स्थळांमागे एका स्थळावर वेबअसेंब्ली आढळली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक स्थळे तिचा उपयोग वाचकाच्या नकळत आभासी चलनाचे उत्खनन करण्यासाठी किंवा आज्ञावली दडवण्यासाठी करीत होती. पुढे आरोन हिल्बिग, डॅनियल लेहमान आणि मिखाएल प्राडेल यांच्या २०२१ च्या अभ्यासात ८,४६१ भिन्न द्विमान संचिका गोळा करण्यात आल्या आणि उत्खनन करणाऱ्या संचिकांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी भरले. यावरून रोग आला आणि बरा झाला, असा सोयीस्कर अर्थ सहज काढला जातो.

तो तपासून घेणे आवश्यक आहे. पहिल्या अभ्यासातील ‘निम्म्याहून अधिक’ हे प्रमाण संकेतस्थळांचे आहे. दुसऱ्यातील ‘एक टक्का’ हे भिन्न संचिकांचे. उत्खननाची एकच संचिका शेकडो स्थळांवर लावलेली असेल, तर पहिल्या मोजणीत ती शेकडो वेळा दिसते आणि दुसऱ्या मोजणीत एकदाच. शिवाय २०२१ चा संग्रह केवळ चालू संकेतस्थळांवरून नव्हे, तर आज्ञावलींची भांडारे आणि पॅकेज-संग्रह यांतूनही जमवलेला आहे. गुन्हेगारी संचिका तेथे ठेवल्या जाण्याचे कारण कमीच. उत्खनन खरोखर घटले, याविषयी दुमत नाही. त्याची सेवा पुरवणारी कॉइनहाइव्ह ही संस्था मार्च २०१९ मध्ये बंदच झाली. परंतु ते किती घटले, हे या दोन आकड्यांच्या वजाबाकीतून निघत नाही. छेद वेगळे असता अंशांची तुलना करू नये, हे शालेय गणिताचेच सूत्र येथे विसरले जाते.

भिन्न संचिका मोजण्याच्या पद्धतीत आणखी एक उणीव राहते. विद्यार्थ्याने सरावासाठी केलेली संचिका आणि गूगल अर्थची संचिका यांना त्यात सारखेच वजन मिळते. ऑटोकॅड, फोटोशॉप आणि फिग्मा यांच्या वेब-आवृत्त्या वेबअसेंब्लीच्या सर्वांत ठळक उपयोगांत मोडतात. पण त्यांचे मुख्य काम प्रवेशशब्दाच्या पलीकडे चालते आणि आपोआप फिरणारी शोधयंत्रणा साधारणतः तेथवर पोहोचत नाही.

२०२१ च्या अभ्यासातील अधिक मोलाचा निष्कर्ष मात्र उत्खननाच्या चर्चेत झाकोळला गेला. सुमारे दोनतृतीयांश संचिका सी किंवा सी प्लस प्लस यांसारख्या, स्मृतीच्या वापरावर बंधन न घालणाऱ्या भाषांतून संकलित झालेल्या आहेत. वेबअसेंब्लीचे कुंपण ब्राउझरला आणि संगणकाला संरक्षण देते. फलनातून परतण्याचे पत्ते आज्ञावलीच्या हाती लागत नाहीत, त्यामुळे जुना प्रसिद्ध हल्ला येथे संभवत नाही. तथापि कुंपणाच्या आत काय घडते? लेहमान, योहानेस किंडर आणि प्राडेल यांनी २०२० मध्ये दाखवल्याप्रमाणे आतील सलग स्मृतीत ‘केवळ वाचनासाठी’ राखलेला भागच नसतो, आणि विभागांमध्ये संरक्षक पानेही नसतात. सामान्य संगणकावर जी स्थिर अक्षरमाला बदलता येत नाही, ती येथे ओसंडलेल्या बफरमुळे बदलली जाऊ शकते. चित्राचे रूपांतर करणाऱ्या जुन्या, सदोष ग्रंथालयाद्वारे परकी जावास्क्रिप्ट पानात कशी घुसवता येते, याचे उदाहरणच त्यांनी सादर केले. अर्थात, भाषा असुरक्षित म्हणजे संचिका सदोष, असे समीकरण मांडता येणार नाही. २०२१ चे आकडे धोक्याची शक्यता दर्शवतात, धोका नव्हे; त्यांचा आधार घेणाऱ्यांनी हा भेद पाळला पाहिजे.

वेगाच्या दाव्यांबाबतही अशीच सावधगिरी हवी. २०१७ मधील मूळ शोधनिबंधातील चाचण्या लहान, गणितप्रधान आज्ञावलींवर आधारित होत्या. अभिनव जंगदा व सहकारी यांनी २०१९ मध्ये मोठ्या स्पेक चाचण्या चालवल्या, तेव्हा वेबअसेंब्ली मूळ यंत्रसंकेतापेक्षा फायरफॉक्समध्ये सरासरी ४५ टक्के आणि क्रोममध्ये ५५ टक्के मंद ठरली. हे आकडे त्या वेळच्या ब्राउझरांचे आहेत, हेही ध्यानात ठेवावे लागेल.

वस्तुतः पुष्कळ ठिकाणी या तंत्राचा स्वीकार वेगापेक्षा जुन्या आज्ञावलीच्या पुनर्वापरासाठी झाला आहे. ऑटोकॅडची परंपरा १९८२ पासूनची आहे. ती जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहिणे कोणासही परवडले नसते. पायोडाइडमुळे पायथन ब्राउझरमध्ये चालते, आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळेत काहीही प्रस्थापित न करता विद्यार्थ्याला सराव करता येतो. जी प्रणाली स्वतःचे चित्रांकन स्वतःच करते, तिला ब्राउझरची अक्षरमांडणी मात्र आपोआप मिळत नाही. अशा वेळी ‘क्ष’, ‘र्‍य’ यांसारखी जोडाक्षरे नीट उमटावीत म्हणून हार्फबझसारखे अक्षरमांडणीचे ग्रंथालयही संकलित करून सोबत न्यावे लागते. या ग्रंथालयांपैकी कितींच्या जुन्या, दुरुस्त न केलेल्या आवृत्त्या ब्राउझरांत फिरत आहेत, याचे उत्तर संकेतस्थळांच्या किंवा भिन्न संचिकांच्या संख्येतून मिळत नाही. त्यासाठी प्रत्येक संचिकेतील घटक ओळखून त्यांच्या आवृत्त्या निश्चित कराव्या लागतील.