शंभर वर्षे टिकणारी सीडी

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ओळखीच्या एका शाळेतून आमच्याकडे सीडींचा एक डबा आला. २००४ साली नववीच्या मुलामुलींनी गावातल्या म्हाताऱ्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेतल्या होत्या. त्या टेपवरून संगणकावर घेतल्या, सीडींवर उतरवल्या आणि कॅसेटी पुन्हा वापरायच्या म्हणून पुसून टाकल्या. पुढे संगणकही भंगारात गेला. ओव्या म्हणणाऱ्यांपैकी आज कोणीही हयात नाही. नऊ सीडींपैकी सहा पूर्ण वाचता आल्या, दोन अर्ध्यामुर्ध्या. एक मात्र कोरी असल्यासारखी वागली. तिच्यावर कोणाच्या ओव्या होत्या हे वरच्या कागदी लेबलावरून तेवढे कळते. डब्याच्या झाकणावर छापले होते की या सीडी शंभर वर्षे टिकतात.

शाळेला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्या काळी आम्हीही विचारणाऱ्याला हेच सांगत होतो : सीडीवर घाला, म्हणजे निर्धास्त. म्हणूनच झाकणावरच्या त्या विधानाची तपासणी करणे आम्हांला आवश्यक वाटते.

बाजारातली गाण्याची सीडी आणि आपण राइट केलेली सीडी दिसायला सारख्या, पण घडण निराळी. पहिलीत साच्याने दाबून खळगे उठवलेले असतात. दुसरीत सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लेसर किरणाने तो जागोजाग तापवला की तेथून प्रकाश कमी परावर्तित होतो. आपली माहिती म्हणजे रंगातले हे डाग. रंग उन्हाने विटतो हे खिडकीचा पडदा पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. शिवाय वाचण्याच्या बाजूला १.२ मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेटचे संरक्षण असते, तर नाव लिहिण्याच्या बाजूला धातूच्या थरावर काही मायक्रोमीटर जाडीचे वार्निश, बस्स. आपण खालच्या बाजूला बोट लावू देत नाही आणि वरच्या बाजूवर बॉलपेन टेकवून लिहितो!

मग शंभर वर्षे आली कोठून? कोणी शंभर वर्षे थांबलेले नाही. राइट करायची सीडी निघाली तीच १९८८ साली. डिस्क ६० ते ८५ अंश सेल्सिअसला, दमट हवेत ठेवतात, किती तासांत चुका वाढतात ते मोजतात आणि अऱ्हेनियसच्या सूत्राने खोलीच्या तापमानाला किती वर्षे लागतील याचा हिशेब करतात. पद्धत शास्त्रीय आहे, पण तिच्यात एक गृहीत आहे : जी रासायनिक क्रिया ८० अंशांना घडते तीच ३० अंशांनाही घडते, फक्त सावकाश. वर्गात याचे उदाहरण सोपे आहे. अंडे ८० अंशांना काही मिनिटांत शिजते. यावरून ते ३० अंशांना किती दिवसांत शिजेल हे काढायला गेलो, तर उत्तर काहीही येवो, अंडे तोवर सडलेले असेल. शिवाय अशा चाचणीत तापमान आणि आर्द्रता धरतात, प्रकाश सहसा धरत नाहीत. आणि ती निवडक डिस्कवर होते, आपल्या ड्राइव्हने घाईत राइट केलेल्या डिस्कवर नव्हे.

यापेक्षाही फसवी गोष्ट दुसरीच आहे. १९६० साली आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी मांडलेली चूक-दुरुस्तीची गणिती रीत सीडीत वापरली आहे. गुणपत्रकात बेरीज लिहिलेली असेल तर एका विषयाचे पुसलेले गुण आपण वजाबाकीने काढतो. दोन विषयांचे पुसले की संपले. सीडीची रीत याहून पुष्कळ समर्थ आहे. मार्गावरचा सुमारे अडीच मिलिमीटर सलग भाग गेला तरी ती तो भरून काढते. पण ही दुरुस्ती गुपचूप होते. डाग विटत जातात, चुका वाढत जातात, आणि ऐकणाऱ्याला आवाज पहिल्यासारखाच स्वच्छ लागतो. मर्यादा ओलांडली की फाइल एकदम उघडेनाशी होते. ‘गेल्या वर्षी तर चालत होती’ ही तक्रार म्हणूनच खरी असते आणि निरुपयोगीही.

डिस्कच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. एकदा लिहिलेले तिच्यावर बदलता येत नाही, त्यामुळे व्हायरसलाही ते बिघडवता येत नाही. सेंद्रिय रंगाऐवजी अकार्बनी थर असलेल्या एम-डिस्क याहून टिकाऊ आहेत. पण वाचायचे कशावर? नव्या लॅपटॉपमध्ये सीडी ड्राइव्ह आता क्वचितच असतो. कोऱ्या डिस्क बनवणाऱ्या तायो युदेन या जपानी कंपनीने २०१५ अखेर हा व्यवसाय सोडला आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये राइट करायच्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले.

पेनड्राइव्ह हा पर्याय नव्हे. त्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिल्यास तो भार झिरपतो. इंटरनेटवरची जागा उपयोगी आहे. मात्र संगणकाशी आपोआप जुळवून घेणाऱ्या सोयीत इकडे पुसलेले तिकडेही पुसले जाते, हे लक्षात ठेवावे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एक हा नियम आम्हांला शाळेला झेपणारा वाटतो : प्रती तीन, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या जागी.

ओव्यांचे आम्ही तसेच केले. वाचलेल्या फाइली दोन बाह्य हार्डडिस्कवर आणि इंटरनेटवर ठेवल्या. एक हार्डडिस्क शाळेत, संगणकाला न जोडता. दुसरी तालुक्याच्या गावी एका शिक्षकाच्या घरी. प्रत्येक फाइलची हॅश ही संख्या काढून वहीत लिहिली आहे. फाइलमध्ये एक बिट बदलला तरी ही संख्या वेगळी येते. विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये तिची सोय आहे, वेगळा खर्च नाही. दर जूनमध्ये दहावीचे दोन विद्यार्थी दोन्ही हार्डडिस्क जोडून संख्या वहीशी ताडून पाहतील. जुळली नाही तर चांगल्या प्रतीवरून नवी करतील. हार्डडिस्क पाच वर्षांनी बदलायच्या आहेत. त्यासाठी पैसे कोणत्या खात्यातून काढायचे, हे मुख्याध्यापकांनी अजून ठरवलेले नाही.