फुकुओकाची सुवर्णमुद्रा : पुराव्याची छाननी

जपानांतील फुकुओका नगराच्या इतिहाससंग्रहालयांत जुन्या मुद्रांचे संग्राहक असलेल्या एका स्नेह्यांसमवेत जाण्याचा योग आम्हांस नुकताच आला. उभयतांचें लक्ष्य एकच होतें : तेथील सुवर्णमुद्रा. तिची बाजू सुमारें २.३ सेंटिमीटर व वजन सुमारें १०८ ग्रॅम. मूठ सर्पाकृति असून तळाशीं पांच चिनी अक्षरें आहेत. तिच्यासंबंधाचे तीन प्रश्न बहुधा एकत्र कालविले जातात. ते पृथक् करणें अवश्य आहे.

पहिला प्रश्न ग्रंथाधाराचा. इ. स. ५७ मध्यें हान सम्राट् ग्वांगवू यानें 'वा' म्हणजे जपानांतील 'ना' राज्याच्या वकिलास मुद्रा व तिची रेशमी दोरी दिली, असें 'होउ हान शू' या इतिहासांत आहे. परंतु हा ग्रंथ पांचव्या शतकांतला ; शिवाय मुद्रा सोन्याची होती असें त्यांत म्हटलेलें नाहीं. 'हानांकित वा देशांतील ना राज्याचा राजा' हें मियाके योनेकिची यांचें १८९२ चें वाचन आज बहुमान्य आहे. तथापि मधलीं दोन अक्षरें जोडून 'इतो' असें वाचणारेही आहेत.

दुसरा प्रश्न अस्सलपणाचा. मुद्रा सांपडली त्याच वर्षीं, म्हणजे १७८४ सालीं, कामेई नानमेई या पंडितानें तिजवर प्रबंध लिहिला. त्याच्यावरच बनावटीचा संशय २००६ सालीं मिउरा सुकेयुकी यांनीं घेतला. उलटपक्षीं, पूर्वीं विलक्षण वाटणारी सर्पाची मूठ १९५६ सालीं युन्नान प्रांतांत निघालेल्या त्येनच्या राजाच्या सुवर्णमुद्रेवरही आढळली. १९८१ सालीं च्यांगसू प्रांतांत मिळालेली ग्वांगलिंगच्या राजाची मुद्रा इ. स. ५८ ची मानितात. तिच्या अक्षरांची धाटणी हिच्याशीं जुळती आहे. कोरणीच्या तंत्राविषयींचा वाद मिटलेला नसला, तरी आमच्या मतें अस्सलपणाचें पारडें जड आहे.

तिसरा प्रश्न स्थळाचा, आणि तोच सर्वांत नाजूक. मुद्रा कुरोदा घराण्याकडे राहून १९७८ सालीं नगरास अर्पण झाली ; तेव्हां पुढील मालकीचा माग स्पष्ट आहे. पण मूळ सर्व भिस्त शिकानोशिमा बेटावरील जिंबेई या शेतकऱ्याच्या जबानीवर. शेताचा पाट दुरुस्त करतांना दोघांनीं उचलण्याजोगा धोंडा त्यानें पहारीनें हालविला, तों दगडांच्या फटींत कांहीं चकाकलें, असें तींत आहे. खालीं गांवच्या अधिकाऱ्यांची पुष्टि आहे. मात्र पुढें त्या जागीं झालेल्या शोधांत मुद्रेशीं निगडित अवशेष मिळाले नाहींत. एवढ्यानें जबानी खोटी ठरत नाहीं. ती एकाकी राहते, इतकेंच. अस्सल वस्तूचें स्थळही आपोआप अस्सल ठरतें, हें अनुमान मात्र आम्हांस मान्य नाहीं.

परततांना स्नेही बराच वेळ गप्प होते. त्यांच्या संग्रहांत बाजारांतून घेतलेली एक मुद्रा आहे. ती कोठें निघाली याचें टिपण नाहीं. "आमच्या मुद्रेला एक जिंबेईसुद्धां नाहीं," एवढेंच ते म्हणाले. आमच्या संग्राहकांनीं ताम्रपट वा शिक्का हातीं येतांच, तो आणणाऱ्या माणसाची जबानी त्याच दिवशीं लिहून घ्यावी. वस्तु टिकते, माणसाची आठवण टिकत नाहीं.