‘एचजे’ म्हणजे ऑक्टोबर १९५८

फेंडर कंपनीच्या जुन्या गिटार-अँपच्या खोक्यात, आतल्या भिंतीला एक कागद चिकटवलेला असतो. त्याला ट्यूब चार्ट म्हणतात. कुठल्या जागी कुठला व्हॉल्व्ह, म्हणजेच ट्यूब, बसवायचा, एवढंच सांगायला तो छापलेला. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करता करता अँप बनवायला लागले, त्यामुळे दुरुस्तीवाल्याची अडचण त्यांना आतून ठाऊक होती. या कागदावर रबरी शिक्क्याची दोन पुसट इंग्रजी अक्षरं शोधा. पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. ‘ए’ म्हणजे १९५१, ‘बी’ म्हणजे १९५२, असं पुढे मोजत जायचं. महिनेही तसेच, जानेवारीचा ‘ए’ ते डिसेंबरचा ‘एल’. ‘एचजे’ दिसलं तर ऑक्टोबर १९५८. कारखान्याने हा शिक्का कुणा संग्राहकासाठी मारला नव्हता, ती त्यांची आपापसातली नोंद होती. म्हणूनच तिच्यात जाहिरातीचा लवलेश नाही आणि तिच्यावर विसंबावंसं वाटतं.

पण तारीख कागदाची झाली. अँपची तीच आहे का, हे ठरवण्यात खरी गंमत आहे. त्यासाठी फेंडरचा बासमन घेऊ, कारण पन्नाशीच्या दशकातल्या अँपपैकी वाचायला इतकं दुसऱ्या कुणाकडेच नाही. १९५१ साली फेंडरने प्रिसिजन बेस ही इलेक्ट्रिक बेस गिटार काढली आणि पुढच्याच वर्षी तिच्या जोडीला हा अँप आणला. सुरुवातीला त्यात पंधरा इंची एकच स्पीकर होता, पुढे दहा इंचांचे चार झाले. बेससाठी बनलेला हा अँप गिटारवाल्यांनी कधी आपलासा केला ते कळलंही नाही.

लांबूनच वाचायला सुरुवात करावी. पाईनच्या फळ्या कोपऱ्यांत दातेरी सांध्यांनी जोडलेल्या, वर पिवळसर कापड. त्याला ट्वीड म्हणतात खरं, पण लोकरीशी त्याचा संबंध नाही. ते तिरप्या विणीचं सुती कापड आहे, त्या काळी प्रवासी बॅगांना लावत तसलं. समोरच्या जाळीभोवतीची चौकट पाहा. सुरुवातीच्या ट्वीड अँपची चौकट त्या काळच्या टीव्हीच्या पडद्यासारखी गोलसर कोपऱ्यांची. १९५३ ते ५५च्या सुमारास वर आणि खाली रुंद पट्ट्या आल्या. १९५५ नंतर त्या अरुंद झाल्या आणि १९६०पर्यंत तशाच राहिल्या. एकही स्क्रू न काढता वय पाच वर्षांच्या आत येतं, तेही खोलीच्या दारात उभं राहून.

आता चार्टवरचा सर्किट क्रमांक: ५एफ६-ए. यातला ५ दशकाचा, ‘एफ’ रचनेच्या आवृत्तीचा, ६ बासमनचा. शेवटी ३ असता तर तो फेंडरचाच डिलक्स हा अँप झाला असता. आणि ती शेपटीची ‘ए’ फार मोलाची. ५एफ६मध्ये ‘मिडल’ हे बटण आलं, पण रेक्टिफायर, म्हणजे वीज एकदिश करणारा भाग, होता पाऱ्याच्या वाफेवर चालणारा ८३ नंबरचा व्हॉल्व्ह. ५एफ६-एमध्ये तो जाऊन जीझेड३४ आला. व्हॉल्व्ह बदलतात, कधीकधी हरवतातही, त्यामुळे व्हॉल्व्हवरून वय काढणाऱ्याचं ऐकू नये. सॉकेट मात्र बोलतं. ८३ला चार पिना असतात आणि जीझेड३४चं बूड आठ पिनांच्या सॉकेटसाठी असतं. चार्टवर नुसतं ५एफ६ छापलंय आणि खाली आठ भोकांचं सॉकेट आहे, असं आढळलं तर घाईने नकली म्हणू नका. फेंडरच्या कारखान्यात छापलेले चार्ट संपेपर्यंत वापरले जात, त्यामुळे कागद मागे राहून रचना पुढे गेल्याची उदाहरणं आहेत. फक्त सॉकेटच्या कडेला कानशीचे ओरखडे आहेत का, तेवढं पाहून घ्यावं. ओरखडे नसतील तर सॉकेट म्हणेल ते खरं. १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात जेटीएम४५ हा अँप जन्मला तो याच ५एफ६-एच्या नकाशावरून. ब्रिटिश रॉकचा पुढचा बराचसा गडगडाट त्या एका ‘ए’पर्यंत मागे नेता येतो.

मागच्या फळ्या काढून स्पीकरकडे वळू. प्रत्येकाच्या पाठीवर आकड्यांची ओळ छापलेली दिसते, उदाहरणार्थ २२०८२९. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेने प्रत्येक उत्पादकाला एक क्रमांक दिला होता, त्यातला २२० जेन्सनचा. पुढचा ८ वर्षाचा शेवटचा आकडा आणि २९ म्हणजे एकोणतिसावा आठवडा, जुलैचा मध्य. पण वर्षाचा एकच आकडा! १९४८, १९५८ की १९६८? पेशवेकालीन पुष्कळ पत्रांवर चांद्र तारीख असते, महिना असतो, साल मात्र नसतं, आणि इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या पिढीला ते मजकुरातल्या माणसांवरून आणि घटनांवरून लावावं लागलं. इथेही तसंच करायचं. अरुंद पट्टीचं खोकं १९४८ साली अस्तित्वातच नव्हतं, म्हणजे ४८ बाद. ६८चा स्पीकर असेल तर तो नंतर बसवलेला. उरतं १९५८. मग चारही स्पीकरचे आठवडे एकमेकांशी ताडून पाहा. कारखान्यातून एकत्र निघालेले चार जण साधारणपणे काही आठवड्यांच्या अंतरातले असतात. चौघांचे आकडे असे शेजारी शेजारी उभे दिसले, की मी त्या खोक्यासमोरून लवकर हलत नाही.

पॉटवर, म्हणजे बटणांमागच्या पोटेन्शियोमीटरवर, आणि ट्रान्सफॉर्मरवरही हीच भाषा आहे. १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, ६०६ म्हणजे शुमाकर. नियम सोपा आहे: मूळ भागांपैकी जो सगळ्यांत नवा, त्याच्या आधी अँप तयार होऊ शकत नाही. पॉट मार्चचे, स्पीकर जुलैचे, शिक्का ऑक्टोबरचा; हा क्रम निसर्गाला धरून आहे, कारण माल आधी येतो आणि जुळणी मागून होते. उलट शिक्का ऑक्टोबर १९५८चा आणि स्पीकर १९५९चा निघाला, तर बहुधा कुणीतरी मध्ये हात घातलाय. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वाजवणाऱ्याच्या अँपचा स्पीकर फाटतोच. मला राग येतो तो बदल लपवणाऱ्याचा.

लपवलेलं पकडायचं तर चॅसीत, म्हणजे सगळं सर्किट बसवलेल्या धातूच्या सांगाड्यात, डोकवावं लागतं. इथे सावधान: प्लग काढून ठेवलेला असला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये चारशेहून अधिक व्होल्ट साठलेले असू शकतात, त्यामुळे ते काम जाणत्याकडूनच करून घ्यावं. आत काळा फायबरचा बोर्ड, त्यावर पितळी छिद्रं, कापडी वेष्टनाच्या तारा. सोल्डरच्या थेंबाकडे निरखून पाहा. मूळ जोडावरची राळ काळाने गडद पडलेली असते, आणि एकाच हाताने ओळीने दिलेल्या थेंबांना एक चाल असते. नंतरचा जोड जास्त चमकतो, किंवा त्याच्या बुडाशी जुन्या तारेचा तुकडा अडकून राहिलेला असतो. आकडे खोटे छापता येतात, नवे चार्ट बाजारात मिळतात, कापड पुन्हा चढवता येतं. शंभरभर जोडांची ती चाल मात्र नकलाकाराच्या हाताला येत नाही. कित्येक चॅसींच्या आत मास्किंग टेपचा तुकडा आणि त्यावर जुळणी करणारीचं नुसतं पहिलं नाव असतं. हे काम बहुतांशी बायकाच करत. तारखेत त्याने भर पडत नाही. पण ती चाल कुणाच्या हाताची होती, हे तिथे पेनाने लिहिलेलं आहे.

साठीच्या दशकात फेंडरने क्रमांकांची पद्धत बदलली आणि तिथे भलेभले फसतात. काळ्या दर्शनी पट्टीच्या अँपवर एबी७६३ असं असतं. शेवटचे तीन आकडे म्हणजे जुलै १९६३, पण ती तारीख सर्किटच्या रेखाटनाची, समोरच्या अँपची नव्हे. एबी७६३चा अँप १९६६ साली बनलेला असू शकतो. तिथे पट्टीवरची बारीक अक्षरं कामाला येतात. जानेवारी १९६५मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली आणि पट्टीवरचं ‘इलेक्ट्रिक इन्स्ट्रुमेंट कंपनी’ जाऊन ‘म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स’ आलं. ज्या मालकीबदलावर आजही वाद घातले जातात, तो मिलिमीटरभर उंचीच्या अक्षरांत उतरला आहे. पुढे पट्टी रुपेरी झाली, १९६८च्या सुमारास जाळीभोवती ॲल्युमिनियमची चौकट आली. त्या वेळचे काही डिलक्स रिव्हर्ब उघडले तर आत तेच एबी७६३ मिळतं, जसंच्या तसं. पट्टी रुपेरी, घड्याळ १९६८चं आणि आवाज अजून काळ्या पट्टीचा, असा अँप हाती आला तर त्याची किंमत पट्टीच्या रंगावरून ठरवू नका.