शिकागो १९३७ : वृत्तपटातील मौनाचे वाचन

३० मे १९३७ रोजी शिकागो येथील रिपब्लिक स्टील कारखान्यानजीक संपकरी पोलाद कामगार व त्यांच्या समर्थकांच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात दहा जण मृत्युमुखी पडले. अनेक वृत्तपत्रांनी या घटनेस ‘दंगल’ संबोधून मोर्चेकऱ्यांनाच दोषी ठरविले. पॅरामाउंट कंपनीने तर आपल्याकडील चित्रण प्रदर्शितच केले नाही. पुढे अमेरिकी सिनेटच्या ला फॉलेट समितीने ते मागवून तपासले.

सदर वृत्तपटास स्वयंसिद्ध पुरावा मानणे मात्र अपुरे ठरते. संघर्षास तोंड फुटले त्याच क्षणी छायाचित्रकार कॅमेऱ्याचे भिंग बदलत होता. परिणामी, पळणारे लोक व त्यांच्यावर पडणाऱ्या लाठ्या दिसतात. प्रारंभ कसा झाला, ते दिसत नाही. पोलिसांच्या समर्थनास येथेच वाव होता. तथापि मृतांच्या जखमा बोलक्या होत्या : सात जणांस गोळ्या पाठीत, तर तिघांस बाजूने लागल्या होत्या, समोरून एकासही नाही.

तात्पर्य, दृश्य-दस्तऐवजाचे मौन नेमके कोठे आहे हे ओळखून ते अन्य साधनांच्या आधारे वाचणे, हेच समीक्षेचे खरे कार्य होय.