पाळण्याशेजारचीं भुतें

ग्रंथाची योग्यता पृष्ठसंख्येवरून ठरवूं नये, असें आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों. परंतु त्याचा इतका रोकडा प्रत्यय एका वैद्यकीय नियतकालिकांतील निबंधानें यावा, अशी आम्हांस कल्पना नव्हती. सेल्मा फ्रायबर्ग, एड्ना ॲडल्सन व व्हिव्हियन शापिरो या तीन अमेरिकन विदुषींचा हा निबंध १९७५ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचें नांव मराठींत ‘बाळाच्या खोलींतील भुतें’ असें सांगतां येईल. फ्रायबर्गबाई मनोविश्लेषणशास्त्राच्या अभ्यासक. मिशिगन विद्यापीठांत तान्हीं मुलें व त्यांच्या माता यांच्यावर एकत्र मानसोपचार करण्याचें कार्य त्यांनीं उभारलें. १९८१ सालीं त्या निवर्तल्या.

निबंधाचा प्रश्न असा: ज्यांनीं बालपणीं छळ सोसला, त्यांच्याच हातून पुढें पोटच्या लेकरांचा छळ कां व्हावा? आणि तितकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न, कित्येकांच्या हातून तो कां होत नाहीं? गतकाळांतील माणसें न बोलावतां पाळण्यापाशीं येऊन उभीं राहतात आणि आईबापांकडून आपलें जुनें नाटक पुन्हां वठवून घेतात. हींच तीं भुतें.

पहिल्या प्रकरणांत साडेपांच महिन्यांची मुलगी आक्रोश करीत आहे, आणि आई मात्र तो ऐकूंच येत नसल्यासारखी अलिप्त आहे. एखाद्या उपदेशकानें येथें मातृधर्मावर प्रवचन झोडलें असतें. ॲडल्सनबाई तसें करीत नाहींत. हिला हें रडणें ऐकूं कां येत नाहीं, असें त्या विचारतात, आणि उत्तर सांपडतें तें असें कीं, हिचें स्वतःचें रडणें लहानपणीं कोणीं ऐकलेंच नव्हतें. बाई तिची कहाणी ऐकत राहिल्या. कोंडलेलें दुःख डोळ्यांवाटे वाहूं लागलें. आणि मग कोणीं न सांगतां त्या आईनें रडणाऱ्या लेकीला उराशीं धरलें.

दुसरी आई अवघी सोळा वर्षांची. सावत्र बापाच्या माराचा तपशील तिला आठवतो. त्या वेळचें भय मात्र आठवत नाहीं. येथून निबंधाचा मुख्य सिद्धान्त निघतो: अशा माणसांची विस्मृति घटनेची नसते, वेदनेची असते. ज्याला आपली वेदना आठवते, तो ती लेकराच्या वांट्यास येऊं देत नाहीं. ज्यानें ती गाडून टाकली, तो नकळत मारणाऱ्याच्या पक्षास जाऊन मिळतो.

हें वाचून आम्ही थबकलों. आमच्या पिढींतील सुशिक्षित मंडळी एकत्र जमली कीं मास्तरांच्या छडीच्या व वडिलांच्या माराच्या गोष्टी किती रंगून सांगते! अपराध कोणता, वळ किती उठले, सारें येतें, हशा पिकतो, आणि ‘म्हणूनच आम्ही माणसांत आलों’ असा निष्कर्ष निघतो. त्या गोष्टींत एक पात्र मात्र कधींच नसतें, दाराआड उभा राहून थरथरणारा आठ वर्षांचा मुलगा. अशी गोष्ट आम्हींही अनेकदां सांगितली आहे. आणि स्वतःच्या मुलावर हात उगारला, त्या वेळीं तो दाराआडचा मुलगा आम्हांस आठवला नव्हता, हेंही कबूल केलें पाहिजे. शाळेंतील शारीरिक शिक्षेस २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें बंदी केली. दिवाणखान्यांतील त्या हशाला कोणता कायदा बंदी करणार?

निबंध निर्दोष आहे असें नव्हे. मोजक्या कुटुंबांच्या अनुभवावर इतका व्यापक सिद्धान्त उभारणें धाडसाचें आहे. शिवाय भुतें शोधतां शोधतां, छळाच्या घरांतही एखाद्या मुलास पोटाशीं धरणारी आजी वा मावशी असते, तिच्या आठवणीचें बळ लेखिकांनीं पुरेसें जोखलेलें नाहीं. ही उणीव अलिशिया लीबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००५ सालच्या एका निबंधांत भरून काढली. त्यांनीं भुतांच्या जोडीला पाळण्याशेजारचे देवदूतही दाखविले. तिसरें भय वाचकाकडून आहे. आईबापांचें दुःख जाणणें म्हणजे त्यांच्या हातचा छळ क्षम्य मानणें नव्हे. लेकराचें रक्षण आधीं, हा विवेक सुटतां कामा नये.

इतकें असूनही हा निबंध आम्हांस मोठ्या साहित्याच्या पंक्तीस बसविण्यासारखा वाटतो. शास्त्रीय लेखनांत दुर्मिळ असलेली करुणा त्यांत आहे, आणि ती भाबडी नाहीं. आमच्या वाचकांतील आईबापांस, विशेषतः आमच्या वयाच्या आजोबांस, आमची एकच विनंति आहे. नातवंडांस माराची ती जुनी गोष्ट पुन्हां सांगाल, तेव्हां हंसण्याच्या जागीं क्षणभर थांबा, आणि त्या दिवशीं आपणांस किती भय वाटलें होतें, तेवढें सांगा.